पुणे ते बर्लिन, चिंगीसकट: पेट रिलोकेशन एजन्सीचा अनुभव, ५ पैकी ३ स्टार

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही आमच्या कुत्रीला, चिंगीला, पुण्याहून बर्लिनला आणलं आणि तेव्हापासून दर आठवड्याला कोणाचा तरी मेसेज येतोच, ताई एजन्सी कुठली घेतली, किती पैसे गेले, स्वतः करता येतं का. प्रत्येकाला तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट बसून लिहिते. एजन्सीचं नाव लिहिणार नाही. जी चूक झाली ती त्यांच्या एका माणसाकडून झाली, नंतर त्यांनी अर्धी भरून पण दिली, आणि मी ज्या चार एजन्सींना फोन केले होते त्या सगळ्यांनी मला पहिला प्रश्न "मॅडम, ट्रॅव्हल डेट काय?" हाच विचारला, एकानेही लसीच्या पुस्तकाचा फोटो मागितला नाही. म्हणजे नाव बदललं तरी धोका तोच आहे. मग नाव सांगून उपयोग काय.

चिंगी देशी आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला होता ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सहकारनगरला माझ्या आत्याच्या सोसायटीच्या जिन्याखाली चिखलाने माखलेलं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू बसलं होतं, ती ही. त्यामुळे नवऱ्याची बर्लिनची नोकरी पक्की झाली तेव्हा "कुत्रीचं काय करणार" हा प्रश्न बाहेरचे विचारत होते, घरात कोणी विचारला नाही. ती येणार हे ठरलेलंच होतं. कसं, तेवढंच शोधायचं होतं.

आता नियम आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं कळेल. युरोपियन युनियनच्या हिशोबाने भारत रेबीजच्या बाबतीत यादीबाहेरचा देश आहे. अशा देशातून कुत्रा नेताना क्रम ठरलेला आहे. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग लसीला किमान ३० दिवस झाल्यावर रक्ताची टायटर टेस्ट, म्हणजे लसीने अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघणारी, ती पण ईयूने मान्यता दिलेल्या लॅबमधूनच, त्यात आकडा ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त यायला हवा, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्ट आल्याच्या तारखेपासून नाही हं, रक्त काढल्याच्या. त्यानंतर निघायच्या तोंडावर सरकारी हेल्थ सर्टिफिकेट, ते निघाल्यापासून १० दिवसांच्या आत तुम्ही युरोपात पोचायला पाहिजे. पिल्लू असेल तर रेबीजची लस १२ आठवड्यांच्या आधी चालत नाही, म्हणजे सगळं धरून सात महिन्यांच्या आतलं पिल्लू भारतातून युरोपात नेता येतच नाही, कोणी "करून देतो" म्हणाला तर त्याच्याकडून उठून या.

ह्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. चिप आधी, लस नंतर. एकाच दिवशी असेल तर चालतं पण लस चिपच्या आधीची असेल तर ईयूच्या दृष्टीने ती लस झालेलीच नाही. मला सुरुवातीला हे अडवणुकीचं वाटलं होतं पण आमच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पटलं. पुस्तकात लिहिलंय "चिंगी, फिमेल, ब्राऊन", आता अशा ब्राऊन फिमेल आपल्या गल्लीत सहा असतात, लस नेमकी ह्याच कुत्रीला टोचली हे कशावरून. चिपचा १५ आकडी नंबर आधी अंगात असला की मग लस त्या नंबरवर चढते. आणि तीन महिने थांबायचं कारण असं की रेबीजचा विषाणू आधीच शिरलेला असेल तर लक्षणं दिसायला काही आठवडे ते काही महिने जातात, तेवढ्या वेळात जे असेल ते समोर येतं.

आता आमच्याकडे काय झालं ते.

एजन्सी फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवली. पॅकेज १ लाख ३५ हजार, त्यात चिप, टायटर टेस्ट, क्रेट म्हणजे विमानात न्यायचा पिंजरा, मुंबईचं सरकारी काम आणि एअरपोर्टवर सोडणं. विमान कंपनीचे पैसे वेगळे. चिंगीची वार्षिक रेबीजची लस १२ जानेवारीला झालेली होती. एजन्सीचा कोऑर्डिनेटर आणि त्यांच्या ओळखीचे डॉक्टर २ मार्चला घरी आले, चिप टोचली आणि त्याच खुर्चीवर बसून लगेच टायटरसाठी रक्त पण काढलं. "मॅडम, लसीला ३० दिवस होऊन गेलेत, एका व्हिजिटमध्ये दोन कामं झाली, तुमचा वेळ वाचला." मी त्यांना चहा दिला, थँक्यू म्हटलं. महिनाअखेरीला रिपोर्ट आला, आकडा छान होता, २ च्या वर. मी फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हार्ट दिले. जूनची तिकिटं बघायला लागलो.

एप्रिलच्या शेवटी एका रात्री मी जर्मनीसाठीच्या हेल्थ सर्टिफिकेटचा कोरा फॉर्म वाचत बसले होते, म्हटलं बघू तरी काय काय लिहावं लागतं. त्यात एक तक्ता असतो, चिपचा नंबर, चिप बसवल्याची तारीख, लसीची तारीख, लसीचं नाव, बॅच, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत लागू, आणि शेवटी रक्त काढल्याची तारीख. मी पेन्सिलने भरत गेले. चिप २ मार्च. लस १२ जानेवारी. आणि वरच्या मजकुरात स्वच्छ लिहिलेलं, लस चिपच्या तारखेआधीची नसावी. मी ते वाक्य पाच वेळा वाचलं. मग पुस्तक परत उघडलं, वाटलं मी जानेवारी चुकून वाचत असेन. रात्रीचे साडेबारा वाजले होते, चिंगी पायाशी झोपलेली, आणि माझ्या हाताला खरंच कंप सुटला.

सकाळी फोन केला तर कोऑर्डिनेटर आधी म्हणाला "मॅडम, असं कोणी बघत नाही, आपण नेहमी पाठवतो." हे वाक्य मी कधी विसरणार नाही. बघत नाही म्हणजे काय? ईयूच्या नियमात कागद बरोबर नसलेल्या कुत्र्याचं काय करायचं ते लिहून ठेवलंय, एक तर परत पाठवायचं, नाहीतर अटी पूर्ण होईपर्यंत मालकाच्या खर्चाने वेगळं ठेवायचं, आणि ह्यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर शेवटचा उपाय म्हणून मारायचं. हे मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. मग वरच्या मॅडम लाईनवर आल्या, दोन तासांनी त्यांचा परत फोन आला की तुमचं बरोबर आहे, नव्याने करावं लागेल.

नव्याने म्हणजे, २९ एप्रिलला परत लस. ३ जूनला परत रक्त. ३ सप्टेंबरपर्यंत थांबा. नवऱ्याला जूनमध्ये जॉईन व्हायचंच होतं, तो ८ जूनला गेला आणि मी आणि चिंगी तीन महिने मागे राहिलो, पुण्यात भाडं चालू, बर्लिनमध्ये भाडं चालू. दुसऱ्या टायटरचे २२ हजार एजन्सी आधी आमच्याकडेच मागत होती. मी सगळे मेसेज, तारखा, फोटो एका मेलमध्ये लावून पाठवले, खूप शांतपणे लिहिलं, तेव्हा अर्धे त्यांनी सोसले. माझ्या मते पूर्ण त्यांनी द्यायला हवे होते, कारण तारखा तपासणं हेच तर त्यांचं काम. क्रेट मी बाजारातून आणू शकते, गाडी मी करू शकते. तारखा बघण्यासाठी मी पैसे मोजले होते. दोन स्टार इथेच गेले.

पण उरलेले तीन का दिले ते पण सांगते कारण ते पण तितकंच खरं आहे.

एक म्हणजे मालकाच्या नावाची गोष्ट त्यांनी वेळेत पकडली. लसीच्या पुस्तकात मालक म्हणून नवऱ्याचं नाव होतं. ईयूत कुत्रा घरचा पाळीव म्हणून नेताना मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आधी किंवा पाच दिवस नंतर, एवढ्यातच तो जायला पाहिजे, दुसऱ्या कोणी नेला तरी मालकाचं लेखी पत्र लागतं आणि पाच दिवसांचा हिशोब मालकाच्या प्रवासावरूनच धरतात. नाहीतर तो माल व्यापारी आयातीत धरला जातो आणि नियम अजून कडक होतात. नवरा जूनमध्ये गेला, कुत्री सप्टेंबरमध्ये जाणार, म्हणजे त्याच्या नावावर ती जाऊच शकली नसती. वरच्या मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं की दुसरी लस घेतानाच नवीन पुस्तक करा, मालक म्हणून तुमचं नाव, पासपोर्टवर आहे तस्संच स्पेलिंग. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. आणि नवीन पुस्तक भरताना डॉक्टरांनी बॅच नंबरमधला ३ खोडून त्याच्यावर ४ गिरवला तर मॅडम म्हणाल्या पान नवीन करून घ्या, गिरवलेलं चालणार नाही. पहिल्या वेळी हीच नजर असती तर काय हवं होतं.

दुसरं, क्रेट. पहिला पाठवला तो ८१ सेंटीमीटर लांबीचा. मी आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, हिशोब वाचून ठेवला होता. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं मिळवायचं, ती क्रेटची लांबी. खांद्याची रुंदी दुप्पट केली की क्रेटची रुंदी. उभी असताना डोक्यापर्यंत किंवा कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंतची उंची, अधिक खाली जे अंथरणार त्याची जाडी. चिंगीचे कान उभे आहेत, ते लोक मोजायचे विसरतात. आमची लांबी आली ७२ अधिक १७, म्हणजे ८९. ८१ च्या क्रेटमध्ये ती मावली असती, वळली नसती. मी टेप लावून व्हिडिओ पाठवला, त्यांनी वाद न घालता ९१ चा क्रेट दोन दिवसांत आणून दिला, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. अजून एक, दुकानात "आयाटा अप्रूव्ह्ड" असं स्टिकर लावून क्रेट विकतात, आयाटा कुठल्या कंपनीच्या क्रेटला मान्यता देत नाही, ती फक्त नियम सांगते. स्टिकर बघू नका. जोडाला धातूचे नट-बोल्ट आहेत का प्लास्टिकच्या क्लिपा, हवा यायला चारी बाजूंनी जाळी आहे का, पाण्याचं भांडं दार न उघडता बाहेरून भरता येतं का, ते बघा.

क्रेट जूनमध्येच घरात आला हे एका अर्थी बरंच झालं. पहिले आठ दिवस ती त्याच्या लांबून वळसा घालून जायची. मग वरचं झाकण काढून नुसता तळ ठेवला, त्यात आईची जुनी गोधडी टाकली, जेवणाचं ताट त्यात ठेवायला लागले. तिसऱ्या आठवड्यात दुपारची झोप तिथे व्हायला लागली. मग झाकण. मग दार, आधी दोन मिनिटं, मग चहा होईपर्यंत, मग मी भाजी आणून येईपर्यंत. ऑगस्टमध्ये ती रात्री आपणहून आत जाऊन झोपायची. ज्यांना जायचंय त्यांनी क्रेट शेवटच्या आठवड्यात घेऊ नका, प्लीज, दोन महिने तरी आधी घ्या. शेजारच्या काकूंनी प्रेमाने झोपेची गोळी सुचवली होती, डॉक्टर एकदम ठाम नाही म्हणाले. गुंगीत रक्तदाब आणि श्वास खाली जातो, वर विमानात तिच्याकडे बघायला कोणी नसतं, आणि गुंगीतला प्राणी दिसला तर विमानवाले घेत पण नाहीत. पग, बुलडॉग असे चपट्या नाकाचे असतील तर बऱ्याच विमान कंपन्या त्यांना सामानाच्या कप्प्यात घेतच नाहीत, ते तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या.

तिसरं म्हणजे सरकारी काम. आपल्याकडून प्राणी बाहेर नेताना अॅनिमल क्वारंटाईन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, सगळे एक्यूसीएस म्हणतात, त्यांचं हेल्थ सर्टिफिकेट लागतं. केंद्राच्या पशुपालन खात्याचं ऑफिस आहे हे, दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद इथे आहेत, पुण्यात नाही. आम्ही गणपतीत गेलो. ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि पुढच्या आठवड्यात आम्ही पहाटे चारला चिंगीला घेऊन मुंबईला निघालो. एजन्सीच्या माणसाने फाईल इतकी व्यवस्थित लावली होती की मला बोलायची वेळच आली नाही, लसीचं पुस्तक, चिपचं स्टिकर, टायटरचा मूळ रिपोर्ट, डॉक्टरांचं फिट टू ट्रॅव्हल, पासपोर्ट, तिकीट, फोटो, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. तिथल्या डॉक्टरांनी चिप स्कॅन केली, नंबर मोठ्याने वाचला, तिचे डोळे, दात, कातडी बघितली. देशी आहे म्हटल्यावर हसले, म्हणाले हल्ली देशी पण खूप जातात. ही चांगली गोष्ट वाटली मला. हे काम स्वतः करता येतं, बेकायदा काही नाही, पण पुण्याहून दोन फेऱ्या, तिथे काय कमी पडलं तर तिसरी, ह्यासाठी माणूस असलेला बरा.

आणि चौथं, ज्यासाठी मी त्या एजन्सीला कायम दुवा देईन, ते म्हणजे एअरपोर्टवरचे हँडलर दादा. रात्रीचं विमान होतं. ते संध्याकाळी सातलाच आले. मला म्हणाले ताई, तिला आता जेवण नको, पाणी द्या थोडं थोडं. टर्मिनलच्या बाहेर जिथे जरा मातीची जागा होती तिथे तिला तीनदा फिरवून आणलं. पाण्याचं भांडं त्यांनी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं होतं, बर्फ असला की क्रेट उचलताना सांडत नाही आणि हळूहळू वितळून तिला पाणी मिळत राहतं. क्रेटमध्ये खाली वर्तमानपत्रं, वर शोषून घेणारं पॅड, वर गोधडीचा कापलेला तुकडा, आख्खी नाही, कारण आख्खी ती चोळामोळा करून नाकाशी घेईल. दाराच्या चारी कोपऱ्यांना प्लास्टिकच्या पट्ट्या आवळल्या. वर खाण्याची पुडी चिकटवली, कागदांची कॉपी, तिचा फोटो, माझा नंबर. आणि मी रडायला लागले तेव्हा बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आत्ता नका रडू, तिला वाटेल काहीतरी वाईट चाललंय. रोज ऑफिसला जाताना काय म्हणता तिला?" मी म्हटलं, "आलेच हं." म्हणाले, "मग तेच म्हणा आणि वळा." मी तेच म्हटलं आणि वळले.

विमानात ती माझ्याच फ्लाईटला जास्तीचं सामान म्हणून होती, म्हणजे खाली, प्राण्यांसाठी हवा आणि तापमान राखलेल्या कप्प्यात. वर बसलेल्या मला झोप लागली नाही हे सांगायला नको.

फ्रँकफर्ट मुद्दाम निवडलं होतं. भारतातून येणारा कुत्रा युरोपात कुठल्याही विमानतळावर उतरवता येत नाही, प्रवाशांच्या प्राण्यांसाठी ठरवून दिलेल्या जागांवरूनच आत घ्यायचा, फ्रँकफर्ट त्यातलं एक. मोठ्या सामानाच्या बेल्टजवळ क्रेट आला. चिंगी उभी होती, शेपटी हलत नव्हती पण नाक जाळीला लावून वास घेत होती. कस्टम्समध्ये सांगितलं, तपासणीची बाई आली, तिने आधी चिप स्कॅन केली आणि मशीनवरचा नंबर कागदावरच्या नंबरशी एक एक आकडा बोट ठेवून जुळवला. मग चिपची तारीख. मग लसीची तारीख. मग रक्ताची तारीख. ह्याच क्रमाने. बोट लसीच्या तारखेवर थांबलं तेव्हा मला ती एप्रिलची रात्र आठवली. जुने कागद घेऊन मी जूनमध्ये आले असते तर इथेच, ह्याच टेबलावर अडकले असते, आणि तो कोऑर्डिनेटर फोनवर असता "मॅडम, असं कोणी बघत नाही" म्हणायला. पंधरा मिनिटांत शिक्का मारून मिळाला. तिथून बर्लिन ट्रेनने. जर्मन रेल्वेत मांजरापेक्षा मोठा कुत्रा असेल तर त्याला निम्म्या भाड्याचं तिकीट लागतं, पट्टा आणि मझल, म्हणजे तोंडाला बांधायची जाळी, पाहिजे. मझलची सवय मी तिला पुण्यात लावली नव्हती, चार तास तिने ते पंजाने ओढायचा प्रयत्न केला. हे एजन्सीने सांगायला हवं होतं, कुठल्याच यादीत नव्हतं.

बर्लिनला पोचलं की काम संपत नाही, आणि इथे एजन्सीचा संबंध संपतो, ते तुमचं तुम्हाला करायचं असतं. इथे कुत्र्याचा टॅक्स आहे, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, दुसऱ्यापासून प्रत्येकी १८०, शहर बदललं की आकडा बदलतो. टॅक्स ऑफिसकडून बिल्ला येतो. बर्लिनमध्ये कुत्र्याने कोणाला इजा केली, नुकसान केलं तर त्यासाठीचा विमा सक्तीचा आहे, किमान १० लाख युरोचा. ऐकून घाबरायला होतं पण हप्ता फार नसतो. शिवाय शहराच्या कुत्र्यांच्या रजिस्टरमध्ये चिपच्या नंबरने नोंद, ती २०२२ पासून आहे. आणि २०२२ पासूनच जर्मनीत नियम आहे की कुत्र्याला बाहेर मोकळ्या हवेत पुरेसं फिरू द्यायचं. चिंगीला हा कायदा फार आवडला असता तिला वाचता आलं असतं तर.

एक गोष्ट फार गंभीरपणे सांगते. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि त्यांचे मिक्स जर्मनीत राहायला आणताच येत नाहीत, २००१ पासून केंद्रीय कायदा आहे. पुण्या-मुंबईत हल्ली पिटबुल मिक्स खूप दिसतात, लोक रेस्क्यू करतात, जीव लावतात. तुमचा तसा असेल तर ऑफर लेटरवर सही करायच्या आधी हे बघा. नंतर कळलं तर दोघांपैकी एकाला सोडावं लागेल, नोकरीला किंवा त्याला.

दुसऱ्या देशांबद्दल पण विचारतात म्हणून थोडक्यात. इंग्लंडचा क्रम युरोपियन युनियनसारखाच, पण वर जंतांचं औषध पोचायच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरांच्या हातून, आणि विमानाने कुत्रा कार्गोनेच जातो, सोबत सामान म्हणून नाही. अमेरिकेचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदललेत, भारत जास्त धोक्याच्या यादीत आहे, कुत्रा सहा महिन्यांचा तरी हवा, चिप, सीडीसीचे म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे फॉर्म, आणि भारतात लस झालेली असेल तर तिथल्या ठराविक विमानतळांवरच्या केंद्रात बुकिंग करूनच उतरता येतं. जुने ब्लॉग वाचून जाऊ नका. कॅनडा घरच्या कुत्र्यासाठी त्यातल्या त्यात सोपं. जपानला रक्त काढल्यापासून १८० दिवस. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट नेताच येत नाही, आधी त्यांच्या मान्य यादीतल्या देशात राहून यावं लागतं, आणि पोचल्यावर मेलबर्नजवळच्या सरकारी क्वारंटाईनमध्ये ठेवतात. सिडनीच्या माझ्या मामेबहिणीने म्हणूनच तिचा लॅब्रॅडोर नाशिकला आईकडे ठेवला, अजून व्हिडिओ कॉलवर त्याचं नाव घेतलं की तिचा आवाज बदलतो.

मग एजन्सी घ्यावी का? मुंबईच्या सरकारी कामासाठी आणि एअरपोर्टच्या दिवसासाठी, हो, घ्या, त्या दोन दिवसांचे पैसे मला आजही जड वाटत नाहीत. चिप, लस आणि रक्त हे तीन मात्र तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, तुमच्या डोळ्यासमोर, तुमच्या वहीत तारखा लिहून. चिप टोचायच्या आधी ती नुसतीच स्कॅन करून नंबर दिसतो का बघा, टोचल्यावर परत स्कॅन करायला लावा, १५ आकडे मोजा, स्टिकर पुस्तकात चिकटवून घ्या, शेजारी तारीख आणि डॉक्टरांची सही. मग लस. एकाच दिवशी असेल तरी आधी चिप. टायटर एकदा पास झाली की पुढे ती परत करावी लागत नाही, पण एका अटीवर, बूस्टर एक दिवसही चुकता कामा नये. चुकला की सगळं पहिल्यापासून. आणि पैसे देताना एजन्सीकडून लेखी घ्या की तारखांची चूक त्यांच्याकडून झाली तर दुसऱ्या टेस्टचा खर्च त्यांचा. आम्ही घेतलं नव्हतं.

चिंगी आत्ता खिडकीशी बसलीय, खाली खारीण आहे एक, तिच्याशी रोजचं भांडण चालू आहे. ज्यांना अजून शंका आहे त्यांनी मला लसीच्या पुस्तकाच्या आतल्या पानाचा फोटो पाठवा, चिपचं स्टिकर आणि लसीचं स्टिकर दोन्ही दिसतील असा, तुमचं नाव-पत्ता झाकून. मी तारखा बघून सांगते, पैसे भरायच्या आधी पाठवा फक्त.